उकिरड्यातल्या गुप्तधनाबाबत खुलासा

सातारा,
मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा

ती. धनाजी दाजी यांच्या चरणी, मेहुणा लालासाहेब याचा दुकानाच्या गल्ल्यावरून उठून, नीट वाकून केलेला नमस्कार.

विनंती विशेष. तुम्ही गेले तीन आठवडे माझा फोन उचलत नाही, म्हणून हा पत्राचा घाट घातला आहे. तुमची कंबर, आक्काचे गुडघे आणि खोडव्याचा ऊस हे तिन्ही ठीक असावेत अशी आशा आहे. (आक्काला फोन केला तर तोही तुम्हीच उचलता आणि माझा आवाज ऐकून बंद करता. हे मला कळतं, कारण बंद होण्याआधी तुमचा खोकला ऐकू येतो. त्यासाठी अडुळशाचा काढा घ्यावा.) इकडे आमची ही, माया, बरी आहे. मी बरा नाही, आणि माझं दुखणं कुठल्याही डॉक्टरच्या, अगदी मिरजेच्या डॉक्टरच्याही आवाक्यातलं नाही. ते तीन सरकारी कचेऱ्यांच्या हातात होतं, आणि त्या हातांनी त्याचं काय केलं ते कळवण्यासाठी हे पत्र.

तुम्ही पत्र अर्ध्यात भिरकावण्याची शक्यता असल्यामुळे मुख्य गोष्ट आधीच लिहितो. तुमच्या देवघरातली तांब्याची शिवराई, जी गौरी जेवल्या त्या दिवशी तुम्ही भंडाऱ्याच्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलीत, जिच्यावाचून तुमच्या घरात आजवर एकाही चंपाषष्ठीला खंडोबाची तळी उचलली गेली नाही, ती मी विकलेली नाही, वितळवलेली नाही आणि हरवलेलीही नाही. चंपाषष्ठीला पाच दिवस आहेत. त्याआधी ती तुमच्या ताम्हनात पानसुपारी-खोबऱ्याशेजारी असेल. तुम्ही आक्काला बजावलंत म्हणे की "तळीला शिवराई न्हाई, तर तुझ्या भावाला ह्यो उंबरा न्हाई." तुमच्या शेजारच्यांनी हे मला अत्यंत आनंदाने कळवलं. माझं मला काही नाही दाजी, मी उंबऱ्याबाहेर राहीन, पलूसला एसटी स्टँडवर बसून भजी खाईन. पण बत्तीस वर्षं तुमच्या घरात जिने माहेराबद्दल एक उणा शब्द ऐकला नाही, तिला आता रोज ताटावर बसताना भावाचं नाव ऐकावं लागतं आहे, ते मला झोंबतं. म्हणून जे झालं ते सगळं जसंच्या तसं लिहितो. वर्तमानपत्रात आणि तुमच्या भावकीच्या ग्रुपवर जे आलं त्यातलं फक्त 'उकिरडा' एवढंच खरं आहे.

माझा धंदा तुम्हाला ठाऊक आहे. ढाली, चषक, पदकं, बिल्ले, सन्मानचिन्हं आणि रबरी शिक्के. पंचवीस वर्षांत मी या मुलखाला किमान चारशे 'समाजभूषण', अडीचशे 'आदर्श' आणि मोजदाद ठेवली नाही इतके 'रत्न' पुरवले. त्यातल्या एकाचाही, हा खरा की खोटा, म्हणून कुणी पंचनामा केला नाही. ज्याने जन्मात रोप लावलं नाही त्याच्यासाठी मी 'वृक्षमित्र' कोरलेली लाकडी ढाल केली (म्हणजे त्या सत्कारापायी एक झाड वाढण्याऐवजी कमीच झालं), तेव्हा कायदा घोरत होता. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी एक वस्तू, ती जी आहे तीच म्हणून, पावतीवर ठळक अक्षरांत 'प्रतिकृती' लिहून बनवली, तर तीन खाती डोळे चोळत उठून बसली.

झालं असं की वाईचे एक वधूपिता दुकानात आले. त्यांच्या ऋचाचं लग्न या महिन्यात, शुद्ध दशमीला आहे. हल्ली लग्नात पाहुण्यांना स्टीलचे डबे देत नाहीत, इतिहास देतात. त्यांना डबीत मखमलीवर ठेवलेली एकेक शिवराई अडीचशे पाहुण्यांना द्यायची होती, आणि ती बाजारात मिळते तशी पुसट, चपटी, मुंबईच्या घाऊक बाजारातली नको होती. अस्सल नमुन्यावरून हवी होती. अस्सल नमुना म्हटल्यावर मला तुमचं देवघर आठवलं. यात माझं चुकलं असेल तर ते एवढंच की मला सासरवाडीआधी बहिणीचं घर आठवतं. तुम्ही नाणं दिलंत, मी ते मिरजेला ठसे कोरणाऱ्याकडे नेलं, समोर बसून त्याचं यंत्रावर माप घेतलं, त्याने पोलादी ठसा कोरला आणि मी माझ्या हातप्रेसवर तांब्याच्या पत्र्याच्या चकत्या ठेवून अडीचशे नाणी पाडली. दाजी, काय उठली होती. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति', कडेचे ठिपकेसुद्धा तुमच्या नाण्यावर जिथे झिजले आहेत तिथेच झिजलेले. मी माझ्या हाताला नमस्कार केला.

वधूपित्यांनी मात्र नाक मुरडलं. म्हणाले, फार नवी दिसतात. मी म्हटलं, नवीच आहेत. म्हणाले, तसं नव्हे, जुनी नवी हवीत. मग मी त्यांना अस्सल कसं असतं ते दाखवायला तुमचं नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते उजेडात धरलं आणि मला दिलासा दिल्यासारखं म्हणाले की यापेक्षा तुमची बरी आहेत, हे तर सरळ खोटं दिसतंय.

आता याला जबाबदार कोण? तुमच्या घरात दरवर्षी तळीच्या आदल्या दिवशी ते नाणं चिंच आणि राख लावून घासलं जातं. सात पिढ्या घासून घासून तुम्ही त्याचं असं काही लखलखीत करून ठेवलं आहे की साडेतीनशे वर्षांचं नाणं काल संध्याकाळी बारशाला आणल्यासारखं दिसतं. मी काही दोष देत नाही. देवाचं भांडं घासायचंच. पण खरं नाणं खोटं दिसायला लागलं त्याची सुरुवात पलूसला झाली, साताऱ्याला नाही, एवढी नोंद घ्यावी.

तांब्याला जुनेपण आणायचे पुष्कळ रासायनिक उपाय आहेत. पण ते देवाच्या नाण्याच्या वंशाला लावणं मला बरं वाटेना. आपल्याकडे जुन्या लोकांचा साधा उपाय आहे, वस्तू उकिरड्यात पुरायची. शेणाच्या उबेत एकवीस दिवसांत तांबं असं काळपट-हिरवं होतं की बघणाऱ्याने हात जोडावेत. शहराबाहेर आमच्या दूधवाल्या आण्णाचा गोठा आहे (गावाचं नाव लिहीत नाही, आधीच फार लोकांना कळलं आहे), चार म्हशी आणि खोलीएवढा उकिरडा. प्लास्टिकच्या पिशवीत उबेचा उपयोग नाही, म्हणून मातीचं मडकं घेतलं. तांब्याने रंग लवकर धरावा म्हणून आत चार लिंबं चिरून टाकली. तोंडाला बांधायला दुकानात सत्काराचं लाल कापड पडलेलं होतं, ते बांधलं. आणि अडीचशे प्रतिकृतींबरोबर तुमची अस्सल शिवराईही आत ठेवली. का, तर नमुना शेजारी असल्याशिवाय रंग जुळतो कसा हे कळत नाही. सुताचा रंग करणारासुद्धा नमुन्याची लडी त्याच हौदात बुडवतो. शिवाय तिलाही थोडं जुनं दिसायची गरज होती. तुम्ही म्हणाल, वेडा का तू. दाजी, कोजागरीला मडकं पुरलं तेव्हा आण्णा स्वतः फावडं घेऊन उभा होता, आणि तोही म्हणाला, "झ्याक काम हाय गड्या."

ठरलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशी नळपाणी योजनेचा जेसीबी आला. त्याला रस्त्याच्या कडेने खणायचं होतं, पण रस्ता कुठे संपतो आणि आण्णाचा उकिरडा कुठे सुरू होतो हे गावात कधीच ठरलेलं नाही. मडकं वर आलं. लाल कापड, चिरलेली लिंबं आणि हिरवी पडलेली दोनशे एक्कावन्न नाणी. मला कळेपर्यंत तिथे तीन पक्ष पडले होते. एक म्हणत होता गुप्तधन. दुसरा म्हणत होता करणी, आणि ती नेमकी कुणावर यावरून त्यांच्यात दोन उपपक्ष. तिसऱ्या पक्षात एकटा हवालदार होता, तो म्हणाला हा खोट्या नाण्यांचा कारखाना दिसतो. मी धापा टाकत पोचलो आणि मोठ्याने सांगितलं की हे माझं आहे, वीस दिवसांपूर्वी मीच पुरलं, विचारा आण्णाला. सगळे आण्णाकडे वळले. त्या दहा मिनिटांत त्याला कुणीतरी सांगून ठेवलं होतं की गुप्तधन ज्याच्या जागेत निघतं त्याला कायद्याने वाटा असतो.

आण्णाने माझ्याकडे असं बघितलं, जसं गाभण म्हैस नव्या गिऱ्हाइकाकडे बघते. म्हणाला, "लाला, तू पुरलंस त्ये येगळं आसंल. ह्ये आमच्या पणज्याचं हाय."

ज्या माणसाचं अर्धं पाणी घातलेलं दूध मी अकरा वर्षं दूध म्हणून प्यायलो, त्याने हे केलं. ते असो.

पोलीस ठाण्यात मला बसवलं. (बाकावर. कोठडीत नाही. ग्रुपवर 'कोठडी' लिहिणाऱ्या तुमच्या चुलतभावाला कृपया सांगावं.) फौजदार तरुण होता, सभ्य होता, पण त्याच्या डोक्यात एकच की नाणी करणं हा सरकारचा अधिकार, दुसऱ्याने केली की गुन्हा. मी म्हटलं, साहेब, ही नाणी घेऊन चहा तरी मिळेल का बघा. तिथे मला एक गोष्ट आठवून जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. त्याच दिवशी सकाळी मी टपरीवर चहाचे म्हणून दहा रुपयांचं नाणं दिलं होतं. सरकारी टांकसाळीतलं, खणखणीत. टपरीवाल्याने ते परत केलं, म्हणे हे खोटं असतं, आमच्याकडे चालत नाही. म्हणजे या देशात सरकारने पाडलेलं खरं नाणं चहावाला खोटं ठरवू शकतो, त्याला कुणी बाकावर बसवत नाही. आणि मी पाडलेलं, खोटं म्हणून खोटं सांगितलेलं नाणं खरं ठरवायला अख्खं गाव, एक जेसीबी आणि आण्णाचा पणजा उभा राहतो.

तेवढ्यात तहसील कचेरीतून निरोप आला की जमिनीत सापडलेलं धन महसुलाचं, पोलिसांनी त्याला हात लावू नये. मडकं लाखेची मोहर लावून तिकडे गेलं. नायब तहसीलदार वाचणारे गृहस्थ. त्यांनी मला इंग्रजांचा १८७८चा कायदा दाखवला. त्यात लिहिलं आहे की जमिनीत दडलेली दहा रुपयांवर किमतीची कुठलीही वस्तू सापडली की कळवायचं. दहा रुपये, दाजी. मी त्यांना विचारलं, माझी एकेक प्रतिकृती मला अडतीस रुपयांना पडली आहे, मग एकटीदेखील गुप्तधन ठरते का? ते म्हणाले, हा मुद्दा विचार करण्यासारखा आहे, आणि त्यांनी तो खरोखरच नऊ दिवस विचारात घेतला. तुमचे फोन मी उचलले नाहीत ते याच नऊ दिवसांत. मला काय सांगायचं होतं? तुमचा देव सरकारी तिजोरीत मोहरबंद आहे, असं?

शेवटी मायाच्या मामेबहिणीची पल्लवी, जी दोन वर्षांपूर्वी वकील झाली आणि जिच्या सत्काराची ढाल मी फुकट दिली होती, तिला गाठलं. पोरगी हुशार आहे. तिने सगळं ऐकून घेतलं, मध्ये दोनदा हसली (फी लावली नाही म्हणून मी ते चालवून घेतलं), आणि मग मला सरळ शब्दांत समजावलं. कायद्याला जे नाणं माहीत आहे ते आज पैसा म्हणून चालणारं, सरकारने पाडलेलं. शिवराई आज चालत नाही, तेव्हा तिची प्रतिकृती करणं म्हणजे खोटं चलन पाडणं नव्हे. जुन्या दंडसंहितेत तर उदाहरणच दिलं होतं की कवड्या म्हणजे नाणं नव्हे, आणि पदकं म्हणजेही नाणं नव्हे. (पंचवीस वर्षं मी कायद्यात बसत होतो हे मला त्या दिवशी कळलं. दुकानावर पाटी लावावी म्हणतो.) प्रतिकृती म्हणून सांगून विकली तर गुन्हा नाही; जुनी अस्सल म्हणून विकली तर फसवणूक. तू सांगून विकतोयस काका, म्हणाली, तुझं काही अडत नाही.

मी हरखून उठलोच होतो. ती म्हणाली, फक्त एक सांग, सगळी तुझीच ना?

मी बसलो. तुमच्या नाण्याचं सांगितलं. तिचं हसू गेलं. म्हणाली, शंभर वर्षांवरचं एक जरी नाणं त्या मडक्यात आहे असं तू लिहून दिलंस, तर ते पुरावस्तू ठरतं की काय, कुठून आलं, कुणाच्या मालकीचं, मातीत का होतं, हे सगळं तपासेपर्यंत मडकं हलणार नाही. वर्ष लागेल, तीन लागतील. मी म्हटलं, चंपाषष्ठी तीन आठवड्यांवर आली. ती म्हणाली, कुठल्या सालची चंपाषष्ठी हवी ते आधी ठरव.

तेव्हा दाजी, मी प्रतिज्ञापत्र केलं. 'मडक्यातील सर्व दोनशे एक्कावन्न नाणी मी स्वतः माझ्या हातप्रेसवर तयार केली आहेत.' पल्लवीने तो मसुदा लिहायला नकार दिला आणि खिडकीबाहेर बघत बसली, म्हणून मी स्वतः लिहिला. ज्याने उभ्या जन्मात खऱ्या रत्नांची आणि खऱ्या भूषणांची खात्री केली नाही, त्याने पहिली खोटी सही केली ती खऱ्या वस्तूला खोटं म्हणण्यासाठी. नायब तहसीलदारांनी पावतीपुस्तक बघितलं. ऑर्डर अडीचशेची आहे, एक जास्तीचं कुठलं, म्हणाले. मी म्हटलं, एखादं खराब निघतं म्हणून वरचं पाडतो. ते म्हणाले, धंद्यात असा प्रामाणिकपणा हवा.

मग जाणकार आले. पुरातत्त्व खात्यातले नाण्यांचे जाणकार, जीपमधून, डोळ्याला भिंग लावून. मी तिथे कोपऱ्यात उभा होतो आणि एकाच वेळी दोन नवस बोलत होतो, यांना तुमची शिवराई सापडू दे आणि यांना तुमची शिवराई सापडू देऊ नको. खंडोबा गोंधळला असेल. त्यांनी वरची सहा नाणी उचलली, एकेक उलटंपालटं केलं, एकाचा वास घेतला आणि लिहिलं, 'सर्व नाणी अलीकडील काळात यंत्रावर तयार केलेली, ऐतिहासिक मूल्य शून्य.' सहा बघितली आणि दोनशे एक्कावन्नवर शून्य मारलं. मला सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण त्या शून्यात तुमचं नाणंही होतं, आणि मी अक्षरशः त्या माणसाचा हात धरून म्हणणार होतो की साहेब, नीट बघा, असं कसं. पल्लवीने माझ्या पायावर पाय ठेवला.

आण्णाने मात्र अहवाल ऐकल्यावर आपला दावा तिथल्या तिथे मागे घेतला. पणज्याने असलं भंगार पुरलं नसतं, म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून दूध पूर्ववत चालू आहे.

तर दाजी, काल दुपारी मडकं सुटलं. माया उद्या सकाळच्या गाडीने कराडमार्गे पलूसला येते आहे, हे पत्र आणि भंडाऱ्याच्या फडक्यातली पुडी तिच्याच हाती. पुडी तिच्याकडून घ्यावी, तिला चहा द्यावा, आणि तिच्यासमोर मला शिव्या देऊ नयेत. त्या तिच्या स्वतःच्या पुरेशा झाल्या आहेत. आक्काला सांगावं की तिचा भाऊ चोर नाही, गुन्हेगार नाही, तीन खात्यांनी तपासून तसा दाखला दिला आहे. तळी थाटात उचलावी. येळकोट माझ्याही वाटणीचा म्हणावा.

इथेच थांबतो. लोभ आहेच, फोन उचलण्याइतपत तो वाढवावा.

तुमचा आज्ञाधारक (कायद्याने सिद्ध),
लालासाहेब

ता. क. पुडी उघडण्याआधी हे वाचावं. नायब तहसीलदारांनी मडकं सोडताना एक अट घातली. पुन्हा असा घोटाळा नको म्हणून प्रत्येक नाण्यावर 'प्रतिकृती' असा ठसा त्यांच्यासमोर मारून द्यायचा. पल्लवी म्हणाली, असा नियम कुठेही नाही. पण भांडायचं तर पुढची तारीख चंपाषष्ठीनंतरची आहे. मी बारीक अक्षरांचा ठसा करून नेला, 'छत्र पति' अक्षरांना धक्का लागणार नाही असा, कडेला. कचेरीच्या पायरीवर बसलो. कारकून एकेक नाणं मोजून देत होता आणि मी हातोडी मारत होतो. कुठलं तुमचं, मला ओळखू येत नव्हतं. ठसा तुमच्याच नाण्याचा, झीज तुमच्याच नाण्याची आणि वरून एकाच शेणात तीन आठवडे. माझ्या चकत्या पत्र्यातल्या, त्यांच्यावर घाव बसला की टण्ण वाजतं आणि हातोडी उसळते. एकशे सत्त्याऐंशीव्या नाण्यावर ती उसळली नाही. ठसा आत गेला आणि तांबं गप्प राहिलं. पंचवीस वर्षं मी धातू ठोकतो आहे दाजी, माझ्या मनगटाला कळलं की हेच ते. आणि ते कळलं तेव्हा त्याच्यावर 'प्रतिकृती' उमटलेलं होतं. मी हातोडी खाली ठेवली. कारकून म्हणाला, पुढचं घ्या. डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून मी दोन मिनिटं मागून घेतली. ते नाणं मी डाव्या खिशात वेगळं ठेवलं, तेच पुडीत आहे. तळीत ठेवताना ती बाजू खाली करावी. आक्काला लगेच दाखवू नये.

ता. क. दुसरा. खरी विनंती ही आहे. माझं प्रतिज्ञापत्र कचेरीत जमा आहे. यापुढे कुणीही, भावकीतला असो वा कचेरीतला, तुमच्या देवघरातल्या शिवराईबद्दल विचारेल, तर ती लालासाहेबाने पाडलेली आहे असंच सांगायचं. तुम्ही उत्साहात 'सात पिढ्यांची' म्हणालात तर मी खोट्या सहीपायी आत जाईन, आणि मग खरंच कोठडीत. तुम्ही आजवर एक शब्द खोटा बोलला नाहीत हे ठाऊक आहे. म्हणूनच तुमच्यावर विश्वास बसेल. देवापुढे काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही बघा; तिथे प्रतिज्ञापत्र मागत नाहीत.

ता. क. तिसरा. मायाने हे पत्र वाचलं आणि सगळं लिहिल्याशिवाय पुडी नेणार नाही म्हणाली, म्हणून लिहितो. दोनशे चौदाव्या नाण्यावरही हातोडी उसळली नाही. तोपर्यंत हात थकला होता म्हणून असेल. पुडीत दोन नाणी आहेत. तळीत दोन्ही ठेवा, उचला, आणि मग तुम्हाला जे आपलं वाटेल ते देवघरात राहू द्या. दुसरं मायाबरोबर न विसरता परत पाठवा. दशमीला वाईत अडीचशे पाहुणे आहेत आणि माझ्याकडे दोनशे एकोणपन्नासच आहेत.